मुंबईत नोकरीला आलात? खोली आणि पास घेण्याआधी हे वाचून घ्या

गावाकडून मुंबईत नोकरीला येणारा माणूस दोन गोष्टी ऐकून येतो: लोकल स्वस्त असते आणि लोकलला गर्दी असते. दोन्ही खऱ्या आहेत. तरीही पहिल्या दोन-तीन महिन्यांत प्रवासावर पगाराचा चांगलाच हिस्सा उडतो, कारण पैसे लोकलवर जातच नाहीत. ते जातात घरापासून स्टेशनपर्यंत आणि स्टेशनपासून ऑफिसपर्यंत. ही दोन टोकं नीट बसवलीत तर बाकीची मुंबई स्वस्तच आहे. म्हणून सुरुवात पासापासून नाही, खोलीपासून करू.

१. खोली बघण्याआधी लाइन बघा

मुंबईत अंतर किलोमीटरमध्ये विचारू नका. गाडी किती वेळा बदलावी लागते, ते विचारा.

लाइन मुख्यतः अशा आहेत. पश्चिम रेल्वे चर्चगेटहून अंधेरी, बोरिवली, विरार करत डहाणू रोडपर्यंत जाते. मध्य रेल्वे सीएसएमटीहून (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) ठाणे, कल्याणपर्यंत जाते आणि तिथून तिला दोन फाटे फुटतात: एक कसाऱ्याकडे, दुसरा कर्जत-खोपोलीकडे. हार्बरच्या गाड्या सीएसएमटीहून पनवेलला जातात, आणि वडाळ्याहून फुटणारी दुसरी शाखा वांद्रे-अंधेरीमार्गे गोरेगावला. ठाण्याहून वाशी-पनवेलकडे जाते ती ट्रान्स-हार्बर. नेरूळ-बेलापूरहून उरणची गाडीही आता सुरू आहे.

ऑफिस ज्या लाइनवर, खोली त्याच लाइनवर, हा पहिला नियम. भाडं दोन हजारांनी कमी आहे म्हणून दुसऱ्या लाइनवर राहायला गेलात, तर लाइन बदलायला रोज दोनदा दादरचा पूल चढावा लागेल. तो पूल सकाळी नऊ वाजता एकदा चढून बघा, मग ठरवा.

दुसरी गोष्ट गर्दीच्या दिशेची. सकाळी माणसं दक्षिणेकडे लोटतात, संध्याकाळी उत्तरेकडे. उलट दिशेच्या गाडीत बरेचदा बसायला जागा मिळते. ऑफिसं आता दक्षिणेकडच्या फोर्टातच आहेत असं नाही. बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल), अंधेरी, ठाणे, ऐरोली, सगळीकडे पसरली आहेत. त्यामुळे गर्दीच्या उलट प्रवास जमणं पूर्वीइतकं अवघड राहिलेलं नाही. जमत असेल तर थोडं जास्त भाडं देऊनही मी तेच सुचवेन.

आणि पत्त्यातलं 'पूर्व' किंवा 'पश्चिम' हलक्यात घेऊ नका. रुळांच्या एका बाजूकडून दुसरीकडे रिक्षाने जायचं म्हणजे उड्डाणपुलापर्यंत वळसा आणि सिग्नल. योग्य बाजूला पायी पूल ओलांडून उतरा आणि मगच रिक्षा पकडा. ओला-उबर बोलावतानाही पिकअप कुठल्या बाजूला लागलाय ते आधी तपासा.

२. कागद घेऊन महिन्याचा हिशेब मांडा

धरा की महिन्याला २५ दिवस कामाचे. घरापासून स्टेशन दीड किलोमीटर आहे आणि तुम्ही रोज दोन्ही वेळा मीटरची रिक्षा करता. किमान भाडं २६ रुपये, म्हणजे महिन्याला १३०० रुपये. ऑफिसच्या टोकालाही तसंच केलंत तर २६००. शेअर रिक्षाचे माणशी २० धरले तर एका टोकाला १०००. बेस्टची, म्हणजे मुंबईच्या शहर बससेवेची, साधी बस, पाच किलोमीटरपर्यंत १० रुपये, म्हणजे ५००. चालत गेलात तर शून्य.

याच्याशेजारी सेकंड क्लासचा लोकलचा पास ठेवा: कमीत कमी १०० रुपये, आणि लांब पल्ल्याचा घेतला तरी काही शेच. म्हणून 'स्टेशनपासून चालत दहा मिनिटं' आणि 'स्टेशनपासून रिक्षाने दहा मिनिटं' या दोन खोल्यांच्या भाड्यांची तुलना करताना दुसऱ्या खोलीच्या भाड्यात हजार-दीड हजार मिळवूनच बघा. एजंट सांगतो ती दहा मिनिटं स्वतः चालून बघा. एजंटची दहा मिनिटं पंधराच्या खाली क्वचितच येतात.

३. जवळ काय काय हवं

- आधार किंवा दुसरं सरकारी ओळखपत्र. पास कागदी असो की मोबाईलवरचा, त्यावर ओळखपत्राचा नंबर येतो, आणि पासासोबत तेच ओळखपत्र दाखवावं लागतं.
- मोबाईलमध्ये रेल्वेचं 'रेलवन' ॲप. जुलै २०२५ पासून हे आलं आहे. कुणी तिकिटाचं जुनं ॲप यूटीएस सुचवलं तरी तुम्ही थेट रेलवनच घ्या.
- 'एम-इंडिकेटर' ॲप, लोकलच्या वेळापत्रकासाठी. गाडी आत्ता कुठे आहे ते बघायला रेल्वेचं 'यात्री'.
- बेस्टसाठी 'चलो' ॲप किंवा चलो कार्ड.
- विद्यार्थी असाल तर कॉलेजच्या ऑफिसातून मिळणारा रेल्वे कन्सेशनचा फॉर्म. प्रवेशाच्या दिवसांत त्याला रांग लागते, पहिल्याच आठवड्यात नंबर लावा.
- दहा-वीसच्या सुट्ट्या नोटा. यूपीआय सगळीकडे चालतं, पण शेअर रिक्षात मागे तिघं बसलेले असताना स्कॅनर शोधत बसलात तर चौघांचा खोळंबा होतो.
- पॉवर बँक. तिकीट मोबाईलवर आणि मोबाईल बंद, हे टीसीला सांगून उपयोग नाही.

४. पास: किती मुदतीचा, कुठून कुठे

सगळ्यात जवळच्या अंतराचं तिकीट ५ रुपये आणि तिथला मासिक पास १००. म्हणजे २० फेऱ्यांत, अर्थात दहा दिवसांच्या ये-जात पास वसूल होतो. लांबच्या अंतरांनाही गणित याच्या आसपासच बसतं. आठवड्यातून दोनच दिवस ऑफिसला जाणाऱ्यांनी पास काढू नये, रोजचं तिकीट परवडतं. तीन दिवस जाणाऱ्यांनी काढावा.

आता मुदत. तीन महिन्यांच्या पासाला मासिकाच्या २.७ पट पैसे पडतात, सहा महिन्यांच्याला ५.४ पट, वर्षाच्या पासाला १०.८ पट. भागाकार करून बघा: तिन्हींत सूट तेवढीच, १० टक्के. 'वर्षाचा काढ, स्वस्त पडतो' असं ऑफिसात कुणीतरी सांगेलच. नव्या माणसाने तीन महिन्यांचाच काढावा. तेवढ्यात खोली बदलते, कधी नोकरीही बदलते.

खाचखळगे खरे इथेच आहेत, म्हणून सावकाश वाचा.

*मार्ग.* दोन लाइन लागत असतील तर पासावर 'व्हाया दादर', 'व्हाया कुर्ला', 'व्हाया ठाणे' असा मार्ग येतो. डोंबिवलीहून वाशीला ठाणेमार्गे जाणार असाल आणि पास कुर्लामार्गे काढलात, तर ट्रान्स-हार्बरच्या गाडीत तुम्ही विनातिकीट.

*रिटर्न.* गर्दीच्या वेळी बसायला मिळावं म्हणून लोक एक-दोन स्टेशनं उलट जातात आणि तिथून सुटणाऱ्या गाडीत बसून येतात. याला इथे रिटर्न येणं म्हणतात. डोंबिवलीकर कल्याणला जाऊन बसून येतो. पण त्याचा पास कल्याणपासूनचा हवा. तो थोडा महाग पडत असेल, तरी दीड तास उभं राहण्यापेक्षा परवडतो.

*सुरुवात.* ॲपवर काढलेला पास दुसऱ्या दिवसापासून लागू होतो. आज सकाळी पास काढला म्हणून आजच्या गाडीत तो चालत नाही. आजचं तिकीट वेगळं काढा. पास संपायची तारीख कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा.

*जागा.* मोबाईलचं तिकीट फलाटावर उभं राहून काढता येत नाही. जीपीएसवरून ॲपला तुम्ही स्टेशनात असल्याचं कळतं आणि ते तिकीट देत नाही. घरातून निघतानाच काढा, पण फार आधीही नको, कारण तिकीट काढल्यापासून तासाभरात प्रवास सुरू करायचा असतो.

*स्क्रीनशॉट.* चालत नाही. टीसीला ॲप उघडूनच दाखवावं लागतं. मित्राने पाठवलेल्या पासाच्या फोटोवर प्रवास केलात तर प्रकरण दंडावर थांबेलच असं नाही.

विनातिकीट सापडलात तर किमान २५० रुपये दंड आणि वर भाडं. सेकंडचा पास घेऊन फर्स्ट क्लासमध्ये चढलात तरी दंड आहेच, आणि नवा माणूस पकडला जातो तो बहुधा असाच. फर्स्टच्या डब्याला बाहेरून तिरपे पट्टे असतात आणि तो डबा जिथे थांबतो तिथे फलाटावरही खुणा रंगवलेल्या असतात. दार रिकामं दिसलं म्हणून धावत चढू नका. मुंबईत गर्दीच्या वेळी एखादं दार रिकामं दिसलं, तर त्याला कारण असतं.

तिकिटाचे पैसे ॲपमधल्या आर-वॉलेटमधून भरले तर ३ टक्क्यांचा फायदा मिळतो. रक्कम छोटी आहे, पण घाईत यूपीआय अडकत नाही हा त्याहून मोठा फायदा.

एसी लोकलचं किमान तिकीट ३५ रुपये, पास वेगळा. सेकंडचा पास तिथे चालत नाही, आणि नुसता फर्स्टचाही नाही. उन्हाळ्यात एक महिना काढून बघा. मात्र तुमच्या वेळेला किती एसी गाड्या आहेत ते आधी मोजा. दिवसातून तुमच्या सोयीची एकच असेल तर पैसे वाया.

५. इंडिकेटर वाचायला शिका

इंडिकेटरवर, म्हणजे फलाटावरच्या पाटीवर, गाडी कुठे जाणार, किती वाजता, फास्ट की स्लो आणि किती डब्यांची, एवढं असतं. स्लोला 'एस', फास्टला 'एफ'. मध्य रेल्वेवर शेवटच्या स्टेशनांची लघुरूपं असतात, आणि तिथे कर्जतला 'एस' तर कसाऱ्याला 'एन' लिहितात. त्यामुळे एकाच पाटीवर 'एस' दोन अर्थांनी दिसू शकतो. कल्याणच्या पुढे राहायला जाणाऱ्यांनी हे पाठच करावं, नाहीतर कर्जतच्या वाटेवरच्या बदलापूरला जायचं असताना कसाऱ्याच्या वाटेवरचं टिटवाळा दिसू लागतं.

डब्यांची संख्या का बघायची? १२ डब्यांची गाडी आणि १५ डब्यांची गाडी वेगवेगळ्या जागी थांबते. चुकीच्या टोकाला उभे असाल तर गाडी आल्यावर शंभर पावलं पळावं लागतं, आणि पळणाऱ्याला दार मिळत नाही.

फास्ट गाडीचा मोह आवरा. दादर ते घाटकोपरसारख्या छोट्या अंतराला फास्टने पाच-सात मिनिटं वाचतात आणि शर्टाची इस्त्री जाते. शिवाय अंधेरी-बोरिवलीला उतरायचं असेल तर विरार फास्टमध्ये चढू नका. ती गाडी अंधेरी, बोरिवलीला थांबते, पण आतले विरारकर तुम्हाला दारापर्यंत पोचू देतीलच असं नाही. चढतानाच ऐकवतील. त्यांचंही बरोबर आहे. त्यांना दुसरी गाडी नाही, तुम्हाला आहे.

दादरला फलाटांचे जुने नंबर विसरा. ९ डिसेंबर २०२३ पासून पश्चिमेचे १ ते ७ आणि मध्य रेल्वेचे ८ ते १४ असे सलग नंबर आहेत.

६. डब्यातली रीत

आपलं स्टेशन यायच्या दोन स्टेशनं आधी दाराकडे सरकायला लागा. पुढच्या माणसाला 'दादर उतरणार?' असं विचारायचं. 'हो' म्हणाला तर त्याच्या मागे उभं राहायचं, 'नाही' म्हणाला तर तो स्वतःच बाजू देतो. फलाट कुठल्या बाजूला येणार हेही विचारून घ्या. पाठीवरची बॅग पोटावर घ्या, मोबाईल पुढच्या खिशात. तीन जणांच्या बाकावर चौथा बसतो, ती चौथी सीट. 'जरा सरका' म्हटलं की मिळते.

बायकांसाठी वेगळे डबे आहेत. त्यांतले काही चोवीस तास राखीव, काही ठरावीक वेळेपुरतेच. डब्यावर लिहिलेलं असतं, वाचून चढा. ज्येष्ठ आणि दिव्यांग प्रवाशांचे डबेही वेगळे. मोठ्या बॅगा घेऊन पहिल्यांदा येत असाल तर सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी साडेपाच ते नऊ टाळाच.

दारात लटकू नका. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर लोकलमधून माणसं पडून मेली. सगळी रोजची प्रवासी होती. पुढची गाडी येते. रूळ ओलांडणं हा तर गुन्हाच आहे. अडचण आली तर रेल्वेचा हेल्पलाइन नंबर १३९.

७. मेट्रो कधी घ्यावी

लोकल उत्तर-दक्षिण धावते. पूर्व-पश्चिम जायचं असेल तेव्हा मेट्रोची खरी किंमत कळते. घाटकोपर ते अंधेरी-वर्सोवा ही मेट्रो १, मध्य रेल्वेवरून अंधेरीला जाणाऱ्यांचा दादरचा फेरा वाचवते. दहिसर-अंधेरी भागात २ए आणि ७ आहेत.

मेट्रो ३ भुयारी. आरे ते कफ परेड, ३३.५ किलोमीटर, २७ स्टेशनं. ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण धावते. भाडं १० ते ७० रुपये. सीएसएमटी, मुंबई सेंट्रल, दादर, बीकेसी आणि विमानतळाची दोन्ही टर्मिनल तिच्यावर आहेत, आणि मरोळ नाक्याला मेट्रो १ भेटते. विमानतळावर एकटा जाणारा माणूस हातात एकच बॅग घेऊन टॅक्सी करतो, ते मला आता पटत नाही. रोजच्या प्रवासाला मात्र लोकलच्या पासापुढे मेट्रो महाग पडते. पगार बघून ठरवा.

तिकीट खाली उतरण्याआधी काढा. भुयारात तुमच्या कंपनीचं नेटवर्क मिळेलच असं नाही. 'मुंबई वन' या ॲपवर मेट्रो, बेस्ट आणि लोकल अशी तिकिटं एकत्र मिळतात. पाहुणे आले की त्यांच्या मोबाईलमध्ये टाकून द्या.

८. बेस्ट

मे २०२५ मध्ये भाडं वाढलं तरी बस अजून सगळ्यात स्वस्त आहे: पाच किलोमीटरपर्यंत साधी १०, एसी १२, दहा किलोमीटरपर्यंत १५ आणि २०. दिवसाचा पास ७५ रुपये, महिन्याचा १८००. स्टेशन ते ऑफिस एवढीच बस लागत असेल तर महिन्याचा पास काढू नका, वर हिशेब केलाच आहे, ५०० रुपयांत भागतं. दिवसाचा पास मात्र खोल्या शोधत फिरायच्या दिवशी उपयोगी पडतो. बस कुठवर आली ते चलोवर दिसतं.

९. रिक्षा, टॅक्सी

फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला रिक्षा २६, काळीपिवळी टॅक्सी ३१ रुपये. रात्री बारा ते पाच सव्वापट. रिक्षा वांद्रे आणि सायनच्या दक्षिणेला येत नाही, तिथून पुढे टॅक्सी किंवा बस.

कल्याण-डोंबिवलीकडे शेअर रिक्षाचीच पद्धत आहे, मीटरचा आग्रह धरून वेळ घालवू नका. स्टँडवरच्या रांगेत उभे राहा. मुंबई उपनगरात उलट: मीटर टाका म्हणा, आणि नाही म्हणाला तर पुढची रिक्षा बघा. भाडं नाकारल्याची तक्रार आरटीओकडे करता येते, त्यासाठी गाडीचा नंबर टिपून ठेवा.

१०. रविवार आणि पाऊस

रविवारी रुळांच्या कामासाठी मेगाब्लॉक असतो, म्हणजे एखाद्या पट्ट्यात काही तास गाड्या बंद किंवा वळवलेल्या असतात. कुठे, किती ते किती, हे शनिवारीच पेपरात येतं. रविवारी मुलाखत, लग्न किंवा गावची गाडी असेल तर बघितल्याशिवाय निघू नका.

पावसाळ्यात सायन-कुर्ला पट्ट्यात रुळांवर पाणी साचतं, रस्त्यावर हिंदमाता आणि अंधेरीचा सबवे. मोठा पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी असेल तर ऑफिसातून लवकर निघा, किंवा निघूच नका. अर्ध्या रस्त्यात अडकणं सगळ्यात वाईट. लाइनवर ओळखीचं एक तरी घर माहीत असू द्या.

रात्री शेवटच्या गाड्या साडेबारा-एकच्या सुमारास सुटतात, पहिल्या पहाटे चारच्या सुमारास. तुमच्या स्टेशनाची शेवटची गाडी पाठ असू द्या.

११. गावी जाताना

तिकिटावरचं टर्मिनस नीट वाचा. लोकमान्य टिळक टर्मिनस म्हणजे कुर्ला स्टेशन नव्हे. हार्बरवरचं टिळकनगर त्याला जवळ पडतं. वांद्रे टर्मिनस म्हणजे वांद्रे लोकल स्टेशन नव्हे. खार रोडला उतरून पुलावरून चालत जाता येतं, रिक्षाचे पैसे वाचतात.

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. गणपतीत कोकणात जायचं असेल तर जाण्याच्या आणि परतीच्या दोन्ही तारखांचे ६० दिवस मागे मोजा आणि त्या सकाळी आठला तयार बसा. तत्काळसाठी आयआरसीटीसीचं खातं आधारशी जोडलेलं लागतं. ते काम आजच करून टाका, आदल्या रात्री ओटीपी येत नाही म्हणून बसाल. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत, ६५ ते ७५ वयाला अर्धं. आई-वडिलांना मुंबई दाखवायला बोलावताना एसटीचंच सुचवा, आणि ओळखपत्र मूळ आणायला सांगा.